बुडातला बल्ब

त्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस थांबलाच नाही. सेंट जॉन नदीच्या काठचे बटाटे चिखलातून उपसावे लागले आणि ओलेच बटाटाघरात ढिगाला लागले. ओला बटाटा म्हणजे हिवाळाभराचा घोर. ढिगात एक सडका निघाला की तो शेजारच्या दहांना घेऊन जातो, दहा शंभरांना, आणि वरून बघावं तर ढीग आपला शहाण्यासारखा बसलेला असतो.

लुसियेन थिबोडोला हा घोर दुप्पट होता. तिचा नवरा रोझेर अडतीस हिवाळे त्या बटाटाघराची राखण करत होता. टेकडीच्या पोटात अर्धं गाडलेलं, दगडी भिंतींचं, एकही खिडकी नसलेलं ते बटाटाघर, आणि रस्त्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर यांचं राहतं घर. घर मालकाचं. म्हातारा मालक ओनेझिम याने शब्द दिला होता की रोझेर बटाटे सांभाळेल तोवर घर त्याचं. शब्द तोंडी होता आणि ओनेझिमला जाऊन तीन वर्षं झाली होती. आता त्याचा मुलगा जील कारभार बघायचा. त्याने हमरस्त्याला पत्र्याची प्रचंड शेड उभारली होती. तिथे पंखे, यंत्रं, सगळं आपोआप चालायचं. मग जुन्याचं काय, असं लुसियेननेच त्याला विचारलं, कारण रोझेर जन्मात विचारणार नव्हता. जील म्हणाला, एवढा हिवाळा भरून बघू. मार्चअखेर माल धड निघाला तर चालू ठेवू, नाहीतर बंद. बंद म्हणजे घरही गेलं, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तसा तो वाईट माणूस नव्हता.

त्याच दिवशी जीलने ढिगात चार लांब सळ्या खुपसल्या. त्या आतली उष्णता मोजून परस्पर त्याच्या फोनवर धाडायच्या. बटाटाघरातली दिव्याची वायर उंदरांनी कुरतडली होती, पण एका हिवाळ्यासाठी ती कोण बदलतो? तिच्याऐवजी त्याने रोझेरच्या हातावर एक काळी, अंगठ्याएवढी जाड बॅटरी ठेवली.

“एलईडी आहे,” जील म्हणाला. “पन्नास हजार तास चालते. तुम्ही-आम्ही जाऊ, पण ही राहील.”

रोझेरने ती उलटीपालटी केली, तोंडाकडून पिळून पाहिली. ती काही पिळेना. “बल्ब कुठून बदलायचा हिचा?”

“बदलायचाच नाही. बिघडली तर टाकायची आणि दुसरी घ्यायची.”

“सगळीच टाकायची?”

“सगळीच.”

रोझेरने मान डोलावली, घरी आला आणि ती काळी बॅटरी दारामागच्या खिळ्याला अडकवून विसरून गेला. त्याची स्वतःची बॅटरी होती. तीन जाड सेलांची, पत्र्याची, हाताच्या घामाने जिचा मुलामा उडून पितळ दिसायला लागलं होतं अशी. ओनेझिमने पहिल्या हिवाळ्यात दिलेली. तिच्यात आजवर दोनशेच्या वर बल्ब जळून गेले असतील, पण नळी तीच. तिच्या बुडाच्या झाकणात, स्प्रिंगच्या मधोमध, कापसाच्या बोळ्यात एक जादा बल्ब ठेवलेला असायचा. ढिगाच्या माथ्यावर, दारापासून पन्नास पावलं आत, बल्ब गेला तर तिथेच बसायचं, बूड उघडायचं, बोटांनी चाचपून बल्ब बदलायचा. आणि ओनेझिमचा नियम असा, की बुडातला बल्ब वापरला तर त्याच दिवशी दुसरा आणून तिथे ठेवायचा. दुसरा मिळण्यासारखाच नसेल तर बुडातल्याला हात लावायचा नाही. उघड्या बुडाने ढिगावर चढणारा माणूस आपल्याकडे नको, असं तो म्हणायचा, आणि हे म्हणताना तो कधी हसायचा नाही.

सेलांचं रोझेरला कधी भय वाटलं नाही. सेल उतरायला लागले की उजेड आधी पिवळा व्हायचा, मग तांबूस, मग निखाऱ्यासारखा. दोन-तीन दिवस आधी सांगून जायचे ते. न सांगता जाणारा फक्त बल्ब.

बर्फ पडला आणि रोझेरचा नेम सुरू झाला. सकाळी चुलीत लाकडं घालून तो जायचा, बटाटाघराच्या दोन दारांपैकी बाहेरचं लावून मगच आतलं उघडायचा, शिडीने ढिगाच्या माथ्यावर चढायचा आणि बटाट्यांवर टाकलेल्या फळ्यांवरून चालत जायचा. बॅटरी आडवी धरायची, म्हणजे ओल चमकते. जिथे ढीग बशीसारखा खचलेला दिसेल तिथे हातमोजा काढून दंडापर्यंत हात घालायचा. हाताला ऊब लागली की खाली सड. मग फळीवर पोटावर झोपून टोपल्या भरभरून ती जागा उकरायची, सडके बाहेर, कोरडे परत आत. दुपारी जेवायला यायचा तेव्हा त्याच्या बाहीला असा वास असायचा की लुसियेन त्याला ओसरीतच कोट काढायला लावायची.

“अडतीस वर्षं झाली,” ती म्हणायची. “एकदा तरी अत्तर लावून ये.”

“हेच माझं अत्तर. यावरच तुझी चूल पेटतीय.”

जानेवारीत एक बल्ब गेला. रोझेरने तो कानाशी हलवून आतली तुटकी तार किणकिणते का ते ऐकलं, मग बुडातला पुढे लावला आणि लुसियेनला दुकानात पाठवलं. दुकानाची ब्लांश फळीवरची धूळ झटकून एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर एकच बल्ब उरला होता. ब्लांश म्हणाली, आता हे येत नाहीत, बनवणारेच थांबलेत, सगळ्यांकडे त्या नव्या आल्यात. लुसियेनने तो रुमालात बांधून आणला. रोझेरने तो कापसात गुंडाळला, बुडात ठेवला आणि झाकण फिरवलं.

“मला कधी एवढं जपून गुंडाळलं नाहीस,” लुसियेन म्हणाली.

“तुझ्यासारखी दुसरी मिळत नाही म्हणून तुला वापरत नाही मी,” रोझेर म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुढचाही गेला. लुसियेन पुन्हा दुकानात गेली. ब्लांशने तिच्यासमोर तीन गावांत फोन केले, नदीपलीकडे कॅनडातही केला. कुठेच नव्हता. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा रोझेरने चुलीत एक लाकूड सारलं. मग “संपले तर मग बल्ब,” एवढंच बोलला, जुन्या बॅटरीतले सेल काढून ठेवले, ती फडक्यात गुंडाळून फळीवर सारली आणि दारामागच्या खिळ्यावरून काळी बॅटरी काढली. बुडात ठेवलेलाही मधल्या दिवसांत गेला असेल, असं लुसियेनला वाटलं. बटाटाघरातलं ती कधी फार विचारत नसे.

काळी बॅटरी झकास निघाली. पांढरा लख्ख उजेड, पलीकडच्या भिंतीचे दगड मोजावेत असा. दोन दिवसांनी रोझेरने ते कबूलही केलं, जरा ओशाळूनच, म्हातारपणी नव्या टोपीचं कौतुक करावं तसं. तीन आठवड्यांनीही तो उजेड तसाच होता, तसूभरही पिवळा झाला नव्हता. लुसियेनने विचारलं, हिचे जादा सेल आणून ठेवू का? तो म्हणाला, पिवळी व्हायला लागली की सांगतो.

सत्तावीस तारखेला बाहेर शून्याखाली पंचवीस होतं. लुसियेन प्लोय करत होती. कुट्टूच्या पिठाची ही धिरडी एकाच बाजूने भाजायची, वर जाळी पडली की उतरवायची आणि फडक्यात झाकून ठेवायची. बारा वाजले, मग साडेबारा. रोझेर जेवायला कधी पाच मिनिटंही उशीर करत नसे. एकला तिने फडकं तसंच टाकलं, कोट चढवला आणि निघाली. बटाटाघराच्या वाटेवर सकाळची त्याची पावलं होती, जाणारी. येणारी नव्हती.

तिने बाहेरचं दार उघडलं, मग घाईत ते तसंच उघडं ठेवून आतलं उघडलं. तिच्यापाशी उजेड नव्हता, दिवसाचा तेवढा आत घ्यावा म्हणून तिने दोन्ही दारं सताड ढकलली. ढिगाच्या पायथ्याशी, जमिनीवर, फळीच्या बाजूला रोझेर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला.

“दार लाव,” तो म्हणाला.

“रोझेर, अरे देवा, रोझेर.”

“लुसी, दार लाव आधी. गारठा लागेल मालाला.”

ती तशीच उभी राहिली. तिच्या पाठीवरून थंडी धुरासारखी आत लोटत होती. मग त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी अगदी हळू, दात आवळून, आणि तिने दोन्ही दारं लावली. त्या मिट्ट काळोखात ती गुडघ्यांवर रांगत त्याच्यापर्यंत गेली. त्याचा हात सापडला, तो बर्फासारखा होता. तिने स्वतःचा कोट काढून त्याच्यावर घातला. आयुष्यभर तिला त्या बटाट्यांचा इतका राग आला नव्हता. त्या माणसाचाही आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं.

काळोखातच त्याने सांगितलं. अकराच्या सुमारास सातव्या फळीपाशी त्याला खचलेली जागा दिसली. हात घातला तर ऊब. खुणेला त्याने हातमोजा तिथेच खोचला, आणि तेवढ्यात उजेड गेला. एकदम गेला. पिवळा नाही, तांबूस नाही, काही नाही. म्हणजे बल्बच गेला. तो फळीवर बसला, बूड उघडलं आणि कापूस चाचपायला बोट घातलं. आत कापूस नव्हता, नुसती स्प्रिंग होती. सेल घसरून बटाट्यांवरून खडखडत खाली गेले. त्या आवाजामागे त्याने हात लांबवला आणि फळी कलंडली.

“मी तसाच अंधारात आलो असतो बाहेर,” तो म्हणाला. “मला वाट पाठ आहे. उगाच बूड उघडलं.”

ती घरी पळाली, फोन केला, रजया घेऊन परत आली. रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा त्यांनाही त्याने तेच सांगितलं: एक दार लावा, मग दुसरं उघडा. त्यांनी ऐकलं नाही. जाताना लुसियेनने पायाशी पडलेली काळी बॅटरी उचलून, बुडाचं झाकण लावून खिशात घातली.

खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी जील भेटायला आला, संत्री घेऊन, टोपी हातात धरून. रोझेर त्याचीच वाट बघत होता. सातवी फळी, डाव्या अंगाला, भिंतीपासून हातभर, माझा हातमोजा आहे तिथे, आजच माणूस लाव, एका दमात त्याने सगळं सांगितलं. आणि वर म्हणाला, तुझी पन्नास हजार तासांची बॅटरी तीन आठवड्यांत मेली.

जीलने ती बघायला मागितली. लुसियेनने खिशातून काढून दिली. जीलने बूड उघडलं, खोलीत इकडेतिकडे पाहिलं, टीव्हीच्या रिमोटमधले दोन सेल काढून आत घातले आणि बटण दाबलं. समोरच्या भिंतीवर पांढरा लख्ख गोल पडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस मान वळवून बघायला लागला. नर्सही सलाइनपाशी थांबली.

“फक्त सेल संपले होते, रोझेर,” जील मऊ आवाजात म्हणाला. “या पिवळ्या होत नाहीत. शेवटपर्यंत तेवढाच उजेड देतात आणि बंद पडतात. मी सांगायला हवं होतं.”

रोझेर त्या गोलाकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले. लुसियेनने जीलच्या हातातून बॅटरी काढून घेतली आणि विझवली.

“सातवी फळी,” रोझेर म्हणाला.

जील म्हणाला की चारही सळ्या व्यवस्थित आकडा दाखवताहेत, तुम्ही आता आराम करा. त्याच्या बोलण्यात काही लागट नव्हतं. पण सेल संपलेत की दिवा मेलाय हे ज्याला कळलं नाही, त्याच्या हाताला लागलेली ऊब कोण खरी मानणार? लुसियेनला हे जीलच्या डोळ्यांत वाचता आलं आणि रोझेरलाही आलं असावं. त्याने तोंड भिंतीकडे केलं. संत्री तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुसियेनने ब्लांशकडून नवे सेल आणले आणि सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ढिगावर चढली. फळीवर उभं राहायची तिची छाती होईना, म्हणून रांगत गेली. सातव्या फळीपाशी हातमोजा होता, तिनेच विणलेला, करड्या लोकरीचा. जागा आता परातीएवढी खचली होती. तिने बॅटरी दातांत धरली, बाही वर केली आणि हात घातला. आत आजारी माणसाच्या अंगासारखी ऊब होती. बोटांना गिळगिळीत लगदा लागला.

तीन दिवस ती उकरत होती. टोपली भरायची, फळीवरून ओढत आणायची, शिडीवरून एकेक पायरी उतरवायची, बाहेर नेऊन बर्फावर ओतायची. बाहेर ओतल्याबरोबर तो लगदा दगड व्हायचा. तिसऱ्या दिवशी तिचे खांदे वर होईनात, तेव्हा टोपली अर्धीच भरायला लागली. सड मात्र खाली खाली जात होती, कोरडा बटाटा काही लागत नव्हता. दुपारी दवाखान्यात गेली की रोझेर तिचे हात नाकाशी धरायचा आणि विचारायचा, कुठवर गेलीस? ती दंडावर बोट ठेवून दाखवायची. तिसऱ्या दिवशी तिने खांद्यावर ठेवलं.

चौथ्या दिवशी जील बटाटाघराच्या दारात भेटला. बर्फावरचा तो काळा ढिगारा त्याने रस्त्यावरून पाहिला होता. तो म्हणाला, तुम्हीही पडलात तर मी कुणाला तोंड दाखवू? विमावाले मला सोडायचे नाहीत. माणूस पाठवतो, नक्की पाठवतो. तोवर इथे कुणी चढायचं नाही.

“माणूस उद्या येईल का?” लुसियेनने विचारलं.

“या आठवड्यात.”

“उद्या पाठव, जील. तुझ्या बापाची शपथ घालते.”

त्याने खाली बघत दाराला कुलूप लावलं. माणूस दहा दिवसांनी आला, सळ्यांचे आकडे वहीत लिहून घेतले आणि गेला. सळ्या चार आणि ढीग केवढा. सातव्या फळीपाशी एकही सळी नव्हती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दाराच्या फटीखालून तपकिरी पाणी आलं. वाटेवरच्या बर्फातून ते रस्त्यापर्यंत ओघळलं आणि वास घरात चुलीपर्यंत आला. कुलूप काढलं तेव्हा ढिगाचा मधला अख्खा भाग बसला होता. यंत्राने सगळा माल उपसून शेतात पसरला, गोठून मरायला. धड होता तोही त्यातच गेला. निवडायला माणूस कुठे होता?

जील घरी आला आणि ओसरीतच उभा राहिला. म्हणाला, रोझेरला कुणी दोष देत नाही. लुसियेनला वाटलं, दोष दिला असता तर बरं झालं असतं. निदान तो सांगत होता ते कुणी ऐकलं होतं असा अर्थ झाला असता. बटाटाघर बुजवणार होते. दुसरा राखणदार ठेवायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे घरही ठेवायचं कारण नव्हतं. मेअखेर तेही पाडणार. दूर हार्टफर्ड शहरात यांची मुलगी होती, कोरीन. तिच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. दवाखान्यातून हलवलेला रोझेर अजून शुश्रूषागृहातच होता, चालायला शिकत होता आणि शिकत नव्हता.

एप्रिलात लुसियेन आवराआवर करत होती. फळीवर मागे फडक्यात गुंडाळलेली जुनी बॅटरी हाताला लागली. टाकायच्या खोक्यात टाकणार, इतक्यात सवय नसताना तिने बूड फिरवलं. झाकण घट्ट होतं, एप्रनच्या टोकाने धरून पिळावं लागलं. आत स्प्रिंगच्या मधोमध कापूस होता. कापसात बल्ब होता. जानेवारीतला, ब्लांशच्या पुठ्ठ्यावरचा शेवटचा, एकदाही न पेटलेला.

ती स्वयंपाकघराच्या जमिनीवरच बसली. दुसरा मिळाला नाही म्हणून त्याने हा वापरला नव्हता. बुडातला काढला तर बूड रिकामं पडेल, आणि रिकाम्या बुडाने ढिगावर चढायचं नाही. म्हणून खिळ्यावरची दुसरी बॅटरी घेऊन चढला, जिला बूड असून नसल्यासारखं. “मूर्ख,” ती मोठ्याने म्हणाली. “मूर्ख म्हातारा.” मग तिने एप्रन तोंडावर धरला.

रडून झाल्यावर तिने रेडिओतले जाड सेल काढून बॅटरीत घातले, तोंड पिळून उघडलं आणि तो बल्ब बसवला. पेटला. उजेड मधासारखा पिवळा होता, भांड्यांच्या कपाटावर जेमतेम पुरला.

दुपारी ती शुश्रूषागृहात गेली. रोझेर खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर रग. या महिन्याभरात त्याचं मनगट तिच्या मनगटाएवढं झालं होतं. घर कधी सोडायचं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. तिने बॅटरी त्याच्या हातात दिली. त्याने ती ओळखली, वजन बघितलं, बटण दाबलं. रगावर पिवळा गोल पडला. तो त्याने आडवा धरून लोकरीच्या सुरकुत्यांवरून हळूहळू फिरवला, कुठे चमकतंय का बघत.

“बल्ब लावलास?” त्याने विचारलं.

“हो.”

“बुडातला?”

“हो.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. पडल्यापासून इतकं सरळ त्याने तिच्याकडे बघितलंच नव्हतं. “मग बुडात दुसरा ठेवलास ना, लुसी?”

बाहेर शेतांवरचा बर्फ वितळत होता आणि त्यातून काळे पट्टे वर येत होते.

“ठेवलाय,” ती म्हणाली. “कापसात गुंडाळून.”

त्याचा अंगठा झाकणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने बटण बंद केलं. उगाच जळायला नको, म्हणाला, पुढे लागेल.